सर्टिफिकेट पिनिंग

मोबाइल ॲपने आपल्या सर्व्हरचे ठरावीक प्रमाणपत्र किंवा सार्वजनिक किल्लीच ग्राह्य धरण्याची सुरक्षापद्धत. एरवी फोन अनेक प्रमाणपत्र संस्थांवर विश्वास ठेवतो. त्यांपैकी एकीने चुकीचे प्रमाणपत्र दिले, तरी मधला हल्लेखोर संभाषण वाचू शकतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावे बनावट प्रमाणपत्र निघाले व ते इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध वापरले गेले. क्रोम ब्राउझरमध्ये गूगलच्या खऱ्या किल्ल्यांची नोंद आधीच असल्याने हा प्रकार उघडकीस आला. त्याच वर्षी डिजिनोटार दिवाळखोरीत निघाली.

ॲपमध्ये सहसा सार्वजनिक किल्लीचा एसएचए-२५६ हॅश साठवतात. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले, तरी किल्ली तीच असेल तर हॅश बदलत नाही. जोडणीच्या वेळी हॅश जुळला नाही, तर ॲप माहिती पाठवण्याआधीच संपर्क तोडते. अँड्रॉइड ७.० पासून ही नोंद कोड न लिहिता एक्सएमएल फाइलमध्ये करता येते. तेथे अंतिम मुदतही घालता येते.

किल्ली अचानक बदलल्यास जुनी ॲप बंद पडतात. म्हणून वेगळ्या जागी जपलेल्या पर्यायी किल्लीचा हॅश सुरुवातीपासूनच नोंदवणे अत्यावश्यक आहे. रूट केलेल्या फोनवर मात्र ही तपासणी चुकवता येते.