प्रेक्षकांची मिरास

खेळांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा खेळाडूंचा व नियमांचा इतिहास लिहितात. करमणुकीचा इतिहास लिहिणारे नटांचा व ग्रंथकारांचा लिहितात. जो पदरचे पैसे देऊन पाहावयास जातो, आणि घरीं आल्यावर पाहिलेल्या गोष्टीविषयीं चार दिवस बोलत राहतो, त्या प्रेक्षकाला इतिहासांत जागा मिळते ती केवळ आंकड्याच्या रूपानें : अमुक सामन्यास इतके हजार लोक हजर होते, अमुक चित्रपटानें इतके कोटि मिळविले. त्याचें बोलणें मात्र रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणून सोडून देण्यांत येतें. या गप्पांचाच थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे, व त्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेतलें आहे.

त्या देशांत एखाद्या न्हाव्याच्या दुकानांत किंवा उपाहारगृहांत चार मित्र जमले कीं त्यांचें संभाषण कालच्या बास्केटबॉलच्या सामन्यापासून सुरू होतें, तेथून तें बेसबॉलच्या एखाद्या जुन्या फलंदाजाच्या सरासरीवर येतें, आणि शेवटीं सुपरमॅन श्रेष्ठ कीं बॅटमॅन, अमुक चित्रपटांत मूळ कथेशीं इमान राखलें आहे कीं नाहीं, या वादावर येऊन ठेपतें. परक्याला हें बोलणें विस्कळीत वाटेल. परंतु या तिन्ही करमणुकींचा जन्मवृत्तान्त पाहिला म्हणजे त्या एकाच घरच्या आहेत असें दिसून येतें, व त्यांच्या इतिहासांत एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. तो असा कीं, ज्या वस्तूवर हजारों लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करितात, ती वस्तु अखेर कोणाच्या मालकीची?

तिघांत वडील बेसबॉल. न्यूयॉर्क येथील निकरबॉकर नांवाच्या क्लबानें १८४५ सालीं त्याचे नियम लिहून काढले. १८६९ सालीं सिनसिनाटीच्या संघानें आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणें पगार देण्याचा प्रघात पाडला. आणि १८७६ सालीं व्यावसायिक संघांची ‘नॅशनल लीग’ स्थापन झाली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें या सर्वांहून महत्त्वाचा पुरुष म्हणजे हेन्री चॅडविक. हा जन्मानें इंग्रज. प्रथम वर्तमानपत्रांतून क्रिकेटचीं वर्णनें लिहीत असे. बेसबॉलच्या सामन्याचा सारा जमाखर्च एका लहानशा तक्त्यांत मांडण्याची पद्धति त्यानें रूढ केली. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक. परंतु या तक्त्यामुळें, ज्यानें सामना डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्यालाही दुसऱ्या दिवशीं त्यावर वाद घालण्याचा अधिकार प्राप्त झाला. कारखान्यांतल्या मजुराला भर दुपारीं मैदानावर जातां येत नसे. पण वर्तमानपत्र त्याला परवडत असे. अशा वेड्या शौकिनांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फॅन’ हें नांव पडलें.

ज्या गोष्टीवर लोकांचें प्रेम जडतें तिला लवकरच एक माहात्म्यही लागतें. बेसबॉल हा इंग्लंडांतील मुलांच्या एका खेळापासून निघाला, असें चॅडविक म्हणे. हें मत स्पॉल्डिंग नांवाच्या माजी खेळाडूला व खेळाच्या सामानाच्या मोठ्या व्यापाऱ्याला रुचलें नाहीं. त्याच्या खटपटीनें १९०५ सालीं एक समिति नेमण्यांत आली. कूपर्सटाउन या गांवीं १८३९ सालीं ॲबनर डबलडे यानें हा खेळ शोधून काढला, असा निर्णय तिनें दिला, आणि तोही मुख्यतः एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर विसंबून! डबलडे त्या सालीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेंत शिकत होता, व पुढें सेनापति झाल्यावरही त्यानें असा दावा कधीं केला नाहीं. तथापि १९३९ सालीं कूपर्सटाउनलाच बेसबॉलचें स्मारकमंदिर उघडलें गेलें, आणि यात्रेकरू आजही तेथें जातात. आमच्याकडील क्षेत्रमाहात्म्यें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

बास्केटबॉलचा जनक मात्र कागदोपत्रीं सिद्ध आहे. जेम्स नेस्मिथ हा कॅनडांत जन्मलेला शिक्षक मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय.एम.सी.ए.च्या शाळेंत व्यायाम शिकवीत असे. थंडीच्या दिवसांत बंद दालनांत खेळतां येईल असा खेळ त्याला हवा होता. १८९१ च्या डिसेंबरांत त्यानें १३ नियम लिहिले, सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, आणि १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. मोठें मैदान नको, महाग साहित्य नको. त्यामुळें शहरांतील दाट वस्तींत हा खेळ फार लवकर रुजला. हिंदुस्थानांतही तो त्याच संस्थेच्या हातांनीं वाढला; १९२० सालीं हॅरी बक यानें मद्रास येथें काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयानें त्याचा पुष्कळ प्रसार केला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांच्या बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळालें, तेव्हां वृद्ध नेस्मिथ तेथें हजर होता; अंतिम सामना भर पावसांत, उघड्यावर, १९ विरुद्ध ८ अशा गुणांनीं अमेरिकेनें कॅनडाविरुद्ध जिंकला. मराठी वाचकांस आठवत असेल कीं, त्याच वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी हुतूतू वगैरे आपले देशी खेळ दाखविण्यास बर्लिनला गेली होती.

यानंतर दोन वर्षांनीं तिसरें भावंड जन्मास आलें. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ सालीं एका चित्रकथांच्या मासिकांत प्रसिद्ध झाला. १९३९ सालीं बॅटमॅन आला. १९४१ पासून अशा अतिमानवांचे साप्ताहिक भागांचे बोलपट निघूं लागले. १९७८ सालीं सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघाला. आणि २०१९ सालच्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटानें जगभर सुमारें २८० कोटि डॉलर मिळविले.

सीगल व शुस्टर हे दोघेही परदेशांतून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतले. आपला ग्रह नष्ट झाल्यामुळें परक्या भूमीवर येऊन पडलेला, आणि दिवसा साध्या कारकुनासारखा वावरणारा बलवान पुरुष अशाच मुलांना सुचावा, हें स्वाभाविक होय. बास्केटबॉलच्या ज्या व्यावसायिक मंडळांतून आजचें एन.बी.ए. निघालें, त्याचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजीं टोराँटो येथें झाला. त्यांत पहिला गोल करणारा ऑसी शेक्टमन हाही न्यूयॉर्कचा ज्यू तरुण. बेसबॉलच्या हँक ग्रीनबर्गनें १९३४ सालीं ऐन चुरशीच्या दिवसांत ज्यू लोकांच्या उपवासाच्या दिवशीं खेळण्याचें नाकारलें. आणि १९४१ सालीं सलग ५६ सामन्यांत यशस्वी फटका मारणारा जो डिमॅजिओ हा सिसिलीहून आलेल्या एका कोळ्याचा मुलगा. निरनिराळ्या देशांतून आलेल्या, भाषा व धर्म निराळे असलेल्या या लोकांना समाईक पुराण नव्हतें. शेजारच्या आयरिश किंवा इटालियन मुलाशीं बोलावयाचें कशावर? काल कोण जिंकलें यावर! या गप्पांनीं त्या मुलांना नवा देश आपलासा करून दिला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

परंतु कायद्याचा निवाडा वेगळा होता. पेशवाईंत शेतकऱ्यांचे मिरासदार व उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपऱ्याचा हक्क कराराच्या मुदतीपुरता. अमेरिकेंतील प्रेक्षक मनानें मिरासदार, पण कायद्यानें उपरी. आणि खेळाडू व कथाकार यांची स्थिति याहून फारशी बरी नव्हती. १८७९ पासून बेसबॉलच्या मालकांनीं असें कलम घालून ठेविलें कीं, करार संपला तरी खेळाडूनें दुसऱ्या संघाकडे जाऊं नये. १९२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, बेसबॉलला मक्तेदारीविरुद्धचा कायदा लागू नाहीं, असा निर्णय देऊन मालकांचें हें बळ कायम केलें. सीगल व शुस्टर यांनीं सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले होते. आणि ब्रूकलिनच्या ज्या डॉजर्स संघावर त्या उपनगरानें दोन-तीन पिढ्या जीव टाकला, तो मालकानें १९५७ चा हंगाम संपतांच लॉस एंजेलिसला नेला; जुनें मैदान १९६० सालीं पाडण्यांत आलें.

पुढें न्यायाचें चक्र थोडेंसें फिरलें. कर्ट फ्लड या कृष्णवर्णी खेळाडूनें, आपणांस न विचारतां झालेल्या बदलीविरुद्ध दावा लावला. तो १९७२ सालीं हरला. पण १९७५ च्या डिसेंबरांत एका लवादानें तें जुनें कलम मोडून काढलें. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत सुपरमॅनच्या मालकांनीं लोकलज्जेस्तव त्याच्या वृद्ध निर्मात्यांना वर्षासन व श्रेय देण्याचें कबूल केलें. आणि १९७६ सालीं ऑस्कर रॉबर्टसनच्या दाव्यांत तडजोड होऊन बास्केटबॉलच्या खेळाडूंचींही बंधनें सैल झालीं. कसणाराला या रीतीनें कांहीं वांटा मिळाला. प्रेक्षकाच्या हक्काचा विचार मात्र यांपैकीं एकाही निवाड्यांत नाहीं. २००८ सालीं सिएटलचा बास्केटबॉल संघ ४१ हंगामांनंतर ओक्लाहोमा सिटीला नेण्यांत आला, तेव्हां तेथील शौकिनांच्या हातीं आठवणींखेरीज कांहीं उरलें नाहीं.

मग प्रेक्षकाची मिरास आहे तरी कशांत? आमच्या मतें ती स्मृतींत आहे, आणि स्मृति जिवंत राहते ती गप्पांत. २ मार्च १९६२ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील हर्शी गांवीं विल्ट चेंबरलेननें एका सामन्यांत १०० गुण केले. प्रेक्षक अवघे ४,१२४. सामन्याचें चलच्चित्र उपलब्ध नाहीं. तो पराक्रम आज साऱ्या देशाला ठाऊक आहे तो मुख्यतः सांगोवांगीच्या व तक्त्याच्या बळावर. बॅटमॅनचा जनक म्हणून अनेक वर्षें एकट्या बॉब केनचें नांव छापलें जाई. १९६५ सालीं जेरी बेल्स या शौकीन प्राध्यापकानें बिल फिंगर याची भेट घेऊन, बॅटमॅनच्या निर्मितींत याचा हात केवढा मोठा होता तें शौकिनांच्या एका लहानशा पत्रिकेंत मांडलें. केननें रागावून उत्तर लिहिलें. फिंगर १९७४ सालीं गेला; पण शौकिनांनीं ती गोष्ट सोडली नाहीं, आणि अखेर २०१५ सालीं मालकांनीं त्याचें नांव देण्याचें मान्य केलें. पुढच्या वर्षीं तें चित्रपटाच्या पडद्यावर झळकलें.

या गप्पांची केवळ स्तुति करावी असेंही नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसबॉलच्या मोठ्या मंडळांत कृष्णवर्णी खेळाडूंना मज्जाव होता, आणि बहुसंख्य गोऱ्या प्रेक्षकांनीं तो अर्धशतकाहून अधिक काळ निमूटपणें चालूं दिला. त्या काळांत आठवण राखली ती दुसऱ्या प्रेक्षकांनीं. १९२० सालीं रूब फॉस्टरनें कृष्णवर्णीयांचें स्वतंत्र मंडळ काढलें. त्याच्या सामन्यांचीं वर्णनें व तक्ते त्यांच्याच वर्तमानपत्रांत येत, आणि वेंडेल स्मिथ याच्यासारखे त्यांचे लेखक मज्जाव उठविण्यासाठीं झगडत. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन ब्रूकलिनच्या संघांतून मैदानांत उतरला. जॉश गिब्सन हा थोर फलंदाज त्याच वर्षीं जानेवारींत, ३५ वर्षांचा असतांना, हें पाहावयास मिळण्यापूर्वींच वारला होता. पुढें अभ्यासकांनीं व हौशी शौकिनांनीं जुन्या वर्तमानपत्रांतले तक्ते वर्षानुवर्षें शोधून जुळविले. २०२० सालीं त्या मंडळांना मोठ्या मंडळांचा दर्जा देण्यांत आला, आणि २०२४ सालीं त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत घेतले जाऊन गिब्सनची आयुष्यांतील .३७२ ही सरासरी सर्वांत वरची ठरली. चॅडविकच्या तक्त्यानें शंभराहून अधिक वर्षांनीं असा न्याय केला.

या मिरासीला आज धोका आहे तो मालकांपेक्षां निराळ्याच दिशेनें. १९१९ सालच्या अंतिम सामन्यांत जुगाऱ्यांचा पैसा घेऊन मुद्दाम हार पत्करल्याचा आरोप शिकागोच्या आठ खेळाडूंवर आला. १९२१ सालीं पंचांनीं त्यांना सोडलें. पण खेळाच्या नियामकानें त्यांना आजन्म बहिष्कृत केलें. पैज आणि खेळ यांचा संबंध तेथें तेव्हांपासून महापातक मानला जाई. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पैजांवरील मध्यवर्ती बंदी रद्द केली, आणि त्यानंतर बहुसंख्य संस्थानांनीं त्यांस परवानगी दिली. आतां ज्या मंडळांनीं पूर्वीं पैजेचा धिक्कार केला, तींच पैज लावणाऱ्या कंपन्यांशीं करार करितात. यांत पैसा जातो ही हानि उघडच आहे. पण जो मनुष्य पुढच्या फटक्यावर पैसे लावून बसला आहे, त्याला ऐंशी वर्षांपूर्वींच्या गिब्सनची आठवण काढण्यास सवड कोठून असणार? त्याचें बोलणें उद्याच्या भावापुरतें उरतें.

संघ मालकाचा, चित्रपट कंपनीचा, आंकडे मंडळाच्या दप्तराचे. प्रेक्षकाच्या वांट्यास येते ती संध्याकाळची बैठक, आणि तिच्यांत चाललेला न संपणारा वाद. त्या वादांतून फिंगरला त्याचें नांव मिळालें, व गिब्सनला त्याची जागा मिळाली. रिकामपणाच्या गप्पांनीं एवढें काम केलेलें आहे, हें इतिहासकारांनीं ध्यानांत ठेवावें. आणि तें काम करणारांनींही आपली मिरास सावकाराकडे गहाण टाकण्यापूर्वीं तिची किंमत एकदां नीट अजमावून पाहावी.