जखम भरून येणे

इजा झालेल्या ऊतीची शरीराने स्वतः केलेली दुरुस्ती म्हणजे जखम भरून येणे. तिचा आरंभ दाहाने होतो. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इ.स.च्या पहिल्या शतकात नोंदवली. सामान्यतः रोग समजली जाणारी ही सूज वस्तुतः संरक्षणाची खूण होय: हिस्टामिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी झिरपतात. न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळतात. मागाहून येणाऱ्या महाभक्षी पेशी मृत पेशींचा निचरा करतात. त्यानंतर कोलॅजेनचे तंतू तयार होतात. त्यांना क जीवनसत्त्व आवश्यक असते. वणातील कोलॅजेनची मोडतोड व घडण पुढेही चालूच राहते. म्हणूनच स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जुन्या, भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत. पक्व वणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.