फुलण्याचा हुकूम

‘तुझ्यातली क्षमता ओळख’ असं ओरडून सांगणारी रील दिसली की मला रिचर्ड प्राइस आठवतो. 1956-57 साली अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात, त्याच्या मर्जीविरुद्ध, त्याच्यावर इन्सुलिनचे आणि विजेच्या झटक्यांचे उपचार झाले. बाहेर पडल्यावर त्याला अशी जागा हवी होती, जिथे मोडलेल्या माणसाला जबरदस्तीने ‘दुरुस्त’ करणार नाहीत.

1962 साली त्याने मायकेल मर्फीसोबत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बिग सुर इथे, एसालेन सुरू केलं. मर्फी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आला होता. माणसाची उत्क्रांती अजून संपलेली नाही, हा विचार त्याला तिथे भावला. मानवी क्षमतांवरची आल्डस हक्सलेची व्याख्यानं आणि आजाराऐवजी निरोगी, बहरलेल्या मनांचा अभ्यास करणारा अब्राहम मास्लो, यांतून चळवळीला वैचारिक बळ मिळालं.

सत्तरच्या दशकात तिचे थेरपिस्ट पुण्याच्या रजनीश आश्रमातही पोचले. प्राइसही आला, पण तिथल्या गटांमधली मारहाण पाहून नाराज होऊन परतला. फुलण्याचीही सक्ती होऊ शकते, हे त्याने ओळखलं असावं.

मला वाटतं, चळवळीचा सगळ्यात मोलाचा विचार प्राइसच्या जखमेतून आला: माणसाला वेळ द्या, सोबत बसा. रीलमध्ये नेमका तेवढाच गाळलेला असतो.