धोक्याच्या क्षणी वीज तोडणारे लाल बटण

लातूर-नांदेडच्या कारखान्यांतील ‘रिमोट ट्रिप’ : निवड, जोडणी आणि चाचणी

प्रतिनिधी

लातूरची डाळमिल असो, सोयाबीन तेलाचा कारखाना असो की नांदेड परिसरातील जिनिंग-प्रेसिंग, विजेची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. रोहित्राजवळ पॅनेलची खोली आणि तेथून दूर, अनेकदा दुसऱ्याच शेडमध्ये, पट्टे, एलिव्हेटर आणि रोलर. कामगाराच्या गळ्यातील गमछा पट्ट्यात ओढला गेला तर पॅनेलपर्यंत धावत जाण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. यासाठीच यंत्राजवळ लाल बटण बसविले जाते. ते दाबताच दूरच्या पॅनेलमधील मुख्य सर्किट ब्रेकर पडावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होते की नाही, हे ब्रेकरच्या पोटात बसविलेल्या मूठभर आकाराच्या एका कॉइलवर अवलंबून असते. ही कॉइल कोणती निवडावी, कशी जोडावी आणि ती जिवंत असल्याची खात्री कशी करावी, याबाबत मात्र पुरेशी जागरूकता आढळत नाही.

ब्रेकरला काय कळत नाही?

औद्योगिक पॅनेलमधील एमसीसीबी किंवा एसीबी प्रकारचे ब्रेकर दोन कारणांनी आपोआप पडतात. प्रवाह ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक काळ वाढलेला राहिला तर, किंवा शॉर्टसर्किट झाले तर. पट्ट्यात माणसाचा हात अडकल्याने मोटारीचा प्रवाह इतका वाढेलच असे नाही. धुराचा लोट उठला किंवा द्रावकाची वाफ पसरली, तरी ब्रेकरला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी ब्रेकर पाडण्याचा निर्णय बाहेरून द्यावा लागतो. तो बटणाद्वारे माणूस देतो, किंवा आगसूचक यंत्रणा अथवा अर्थ लीकेज रिले देतो. हा निर्णय ब्रेकरपर्यंत पोहोचविणाऱ्या जोडसाधनांचे मुख्य प्रकार दोन आहेत.

दोन कॉइल, दोन स्वभाव

पहिला प्रकार ‘शंट ट्रिप कॉइल’चा. एरवी ती निपचित असते. तिला वीज दिली की ती खटका ओढते आणि ब्रेकर पडतो. दुसरा प्रकार ‘अंडरव्होल्टेज कॉइल’चा. शेतातील मोटारीच्या स्टार्टरमुळे ‘नो-व्होल्ट कॉइल’ हे तिच्या जातीचे नाव मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. तिला सतत वीज मिळत असते तोवर ती खटका धरून ठेवते. वीज गेली की ती हात सोडते आणि ब्रेकर पडतो.

फरक लहान दिसतो, परंतु माणसाचा जीव वाचणे किंवा न वाचणे त्यावर ठरू शकते. शंट कॉइलची तार उंदराने कुरतडली, जोड सैल झाला किंवा कॉइल जळाली, तर कोणालाही काही कळत नाही. कारखाना सुरळीत चालतो, बटण लालच दिसते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी ते दाबूनही काही घडत नाही. अंडरव्होल्टेज कॉइलची तार तुटली तर ब्रेकर तत्क्षणी पडतो. काम थांबते, ओरड होते आणि दोष उघडा पडतो. एक दोष लपविते, दुसरी तो जाहीर करते.

आयएस/आयईसी ६०९४७ या मानकाने दोहोंच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. शंट कॉइल तिच्या ठरलेल्या दाबाच्या ७० ते ११० टक्क्यांदरम्यान खात्रीने चालली पाहिजे. अंडरव्होल्टेज कॉइलने दाब ७० ते ३५ टक्क्यांच्या पट्ट्यात उतरला की ब्रेकर पाडावा, दाब ३५ टक्क्यांखाली असेल तर ब्रेकर चढू देऊ नये आणि ८५ टक्के किंवा त्याहून अधिक दाब असेल तर चढू द्यावा, अशी अट आहे.

बांधून ठेवलेली कॉइल

मग सर्वत्र अंडरव्होल्टेज कॉइलच का नाही? याचे उत्तर या भागाच्या वीजपुरवठ्याच्या इतिहासात सापडते. २००० च्या दशकात भारनियमनाने मराठवाड्याला चांगलेच ग्रासले होते. पुरवठा गेला की ब्रेकर पडणार आणि आला की कोणीतरी जाऊन तो चढविणार. दाब क्षणभर खाली गेला तरी तेच. डाळमिलमध्ये एलिव्हेटर भरलेल्या स्थितीत थांबला तर बूट मोकळा करण्यात वेळ जातो. या जाचाला कंटाळून अंडरव्होल्टेज कॉइल काढून टाकणे किंवा तिचा दांडा तारेने बांधून ठेवणे, हा सोपा पण घातक मार्ग चोखाळला जातो. शेतातील स्टार्टरचे बटण दोरीने बांधण्याचाच हा औद्योगिक अवतार होय. कॉइल बांधली की तिच्यावर अवलंबून असलेले लाल बटणही निकामी होते, हे मात्र ध्यानात घेतले जात नाही.

यावरील योग्य उपाय म्हणजे विलंब देणारा जोडभाग. तो लावल्यास दाब क्षणभर कोसळला तरी कॉइल काही काळ धरून राहते. हा विलंब सामान्यतः अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत असतो. मात्र लाल बटण या विलंबाच्या पलीकडे, थेट कॉइलच्या मंडलात जोडले पाहिजे. अन्यथा बटण दाबल्यावरही तेवढाच उशीर होईल.

माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या बटणासाठी अंडरव्होल्टेज कॉइल आणि आगसूचक यंत्रणा किंवा रिलेसाठी शंट कॉइल, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. अनेक लहान ब्रेकरमध्ये दोन्ही कॉइल एकाच खोबणीत बसतात, म्हणजे दोहोंपैकी एकच लावता येते. त्यामुळे हा निर्णय ब्रेकर विकत घेण्यापूर्वीच व्हायला हवा.

जोडणी करताना

ही कॉइल त्या-त्या कंपनीच्या त्या-त्या आकाराच्या ब्रेकरसाठीच बनविलेली असते. दुसऱ्या कंपनीची कॉइल घासून-ठोकून बसविणे धोक्याचे आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या तारतंत्र्यानेच करावे. मागील बाजूचा पुरवठा तोडून त्यावर कुलूप लावावे. टेस्टरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करावी. पॅनेलमध्ये कपॅसिटर असल्यास ते विसर्जित होण्यास पुरेसा वेळ द्यावा. ब्रेकर ट्रिप स्थितीत आणूनच पुढचे झाकण उघडावे. कॉइल खुणेच्या खोबणीत ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवावी आणि तिच्या तारा बाजूच्या खाचेतून अशा काढाव्यात, की हलणाऱ्या भागांना त्यांचा स्पर्श होणार नाही.

बटणाचा संपर्क निवडताना नेहमी गफलत होते. शंट कॉइलला दाबल्यावर जुळणारा संपर्क लागतो, तर अंडरव्होल्टेज कॉइलला दाबल्यावर तुटणारा. बऱ्याच शंट कॉइल क्षणभर वीज घेण्यासाठीच बनविलेल्या असतात. दाबल्यावर अडकून राहणारे बटण लावले आणि कॉइलमधून वीज वाहतच राहिली, तर ती काही मिनिटांत जळू शकते. म्हणून ब्रेकरचा स्वतःचा सहायक संपर्क कॉइलच्या मार्गात घालतात. ब्रेकर पडताच तो उघडतो आणि कॉइलची वीज बंद होते.

कॉइलला वीज कोठून द्यावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. शंट कॉइल एकाच फेजवर जोडलेली असेल आणि नेमका तोच फेज उडाला, तर उरलेल्या दोन फेजवर मोटारी गुरगुरत राहतील, पण बटण मुके झालेले असेल. बॅटरी किंवा यूपीएसवरील २४ व्होल्टचे मंडल हा त्यावरचा भरवशाचा उपाय. ११ किंवा ३३ किलोव्होल्टचा उच्चदाब पुरवठा घेणाऱ्या कारखान्यांत व्हॅक्यूम ब्रेकरची ट्रिप कॉइल बहुधा बॅटरीवरच चालते. तेथे बॅटरीचे पाणी आणि चार्जर यांकडे दुर्लक्ष झाले तर सारे संरक्षणच लुळे पडते.

तारेच्या लांबीचा हिशेब

कमी दाबाच्या मंडलात तारेची लांबी घात करते. २४ व्होल्टची आणि ४ अँपिअर घेणारी शंट कॉइल बटणापासून १५० मीटरवर आहे, असे समजू. जाऊन-येऊन तार ३०० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणजे येथे साधारण ३.६ ओहम. कॉइलचा स्वतःचा रोध ६ ओहम. परिणामी कॉइलच्या वाट्याला जेमतेम १५ व्होल्ट येतात. हे प्रमाण ६२ टक्के झाले. मानकाची किमान मर्यादा ७० टक्के, म्हणजे १६.८ व्होल्ट आहे. अशा कॉइलने ब्रेकर पाडलाच तर ते नशीब म्हणायचे. त्याच ठिकाणी चार चौरस मिलिमीटरची तार टाकल्यास कॉइलला साडेएकोणीस व्होल्ट मिळतात. तितक्याच शक्तीची २३० व्होल्टची कॉइल वापरल्यास दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतही घट दीड-दोन व्होल्टच्या पुढे जात नाही.

सर्वच वीज तोडू नये

सोयाबीन तेलाच्या सॉल्व्हंट विभागात हेक्झेन वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असून ती जमिनीलगत पसरते आणि हवेत एक टक्क्याहून थोडी अधिक झाली तरी पेट घेऊ शकते. अशा जागी साधे बटण स्वतःच ठिणगीचे कारण ठरते. तेथे ज्वालारोधक बनावटीचे बटणच हवे. शिवाय एक बटण धोक्याच्या क्षेत्राबाहेर, पळून जाण्याच्या वाटेवर असावे.

सरसकट वीज तोडणेही शहाणपणाचे नाही. आगीचा पंप, आणीबाणीचे दिवे आणि वाफ थंड करणाऱ्या पाण्याचा पंप यांचे फीडर ट्रिपच्या कक्षेबाहेर ठेवावे लागतात. अन्यथा आग विझविणारे पाणीच बंद पडायचे.

जनरेटर असलेल्या कारखान्यांत आणखी एक सापळा आहे. पुरवठा गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलचे संवेदन मुख्य ब्रेकरच्या पुढील बाजूस असेल, तर बटणाने ब्रेकर पडताच त्याला वीज गेली असे वाटते. काही सेकंदांत जनरेटर सुरू होतो आणि माणूस अडकलेले यंत्र पुन्हा फिरू लागते. लाल बटणाने जनरेटरचा ब्रेकरही पाडला पाहिजे आणि त्याचे स्वयंचलन रोखले पाहिजे.

ब्रेकर पडल्यानंतर

ट्रिप झालेल्या एमसीसीबीचा दांडा मधल्या स्थितीत थांबतो. तो आधी पूर्ण खाली ओढून ‘रिसेट’ करावा लागतो आणि मगच चढतो. अंडरव्होल्टेज कॉइलला वीज नसेल किंवा बटण अडकलेले असेल, तर कितीही जोर लावला तरी ब्रेकर धरत नाही. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. बटण कोणी व का दाबले, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ब्रेकर चढवू नये. ट्रिप झालेला ब्रेकर म्हणजे दुरुस्तीसाठी सुरक्षित यंत्र, असेही समजू नये. रोलरमध्ये हात घालण्यापूर्वी आयसोलेटर उघडून कुलूप लावणे आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवणे आवश्यकच आहे.

चाचणीविना भरवसा नाही

शंट कॉइल आपला दोष स्वतःहून सांगत नाही, म्हणून तो शोधून काढावा लागतो. महिन्यातून एकदा, पाळी संपताना यंत्रे रिकामी करून प्रत्येक बटण एकेक करून दाबावे. ब्रेकर पडला का, जनरेटर थांबून राहिला का, आगीचा पंप चालू राहिला का, याची नोंद वहीत तारखेसह व सहीसह करावी. बटणासमोर पोती रचलेली नाहीत ना, हेही त्याच फेरीत पाहावे. वर्षातून एकदा कॉइलचा रोध आणि ती ओढत असताना तिच्या टोकांवरील दाब मोजावा. या कामाला खर्च जवळजवळ नाही, लागते ती पाळीच्या शेवटची थोडी सवड.

कायद्याची भूमिका जुनीच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ ने, चालू यंत्राची शक्ती आणीबाणीत तोडण्याचे योग्य साधन प्रत्येक कार्यदालनात असावे व ते सुस्थितीत राखावे, असे बंधन घातले होते. त्यानंतर कामगार कायद्यांची फेरमांडणी करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संसदेने मंजूर केली. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियमही २०१० नंतर २०२३ मध्ये नव्याने आले. चौकट बदलली, तरी १९४८ च्या त्या वाक्यातील ‘सुस्थितीत राखावे’ ही अट आजही मोलाची आहे. भिंतीवर लाल बटण दिसणे म्हणजे साधन असणे होय. ते सुस्थितीत आहे की नाही, हे मात्र चाचणीच्या वहीतील शेवटची तारीखच सांगू शकते.