शब्दवेध : अभिकेंद्री त्वरण

‘त्वर्’ या संस्कृत धातूचा अर्थ घाई करणे. त्यापासून त्वरा, त्वरित आणि त्वरण हे शब्द आले. पदार्थविज्ञानात मात्र घाईचा अर्थ अपुरा पडतो. चाल तीच राहून नुसती दिशा बदलली, तरी वेग बदलतो आणि त्वरण घडते.

वर्तुळाकार गतीत म्हणूनच त्वरणाचे दोन घटक मानतात. दिशा बदलणारा घटक कायम केंद्राकडे, म्हणून तो अभिकेंद्री. ‘अभि’ म्हणजे कडे. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’वरून ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आला. त्याचा मूळ अर्थ जनावरे हाकण्याची टोकदार पराणी. पुढे कंपासाचे रोवलेले टोक. हायगेन्सने केंद्रापासून ‘पळणाऱ्या’ बलाला नाव दिले होते; त्याला जोड म्हणून न्यूटनने ‘व्हिस सेंट्रिपेटा’, केंद्राकडे ओढ घेणारे बल, हे सुरेख नाव घडवले.

चाल बदलणारा घटक स्पर्शिकेवर असतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला १० मीटर चालीने जाणाऱ्या गाडीचे अभिकेंद्री त्वरण चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याच क्षणी स्पर्शिकेवरचे त्वरण १.५ असेल, तर दोन्ही घटक काटकोनात असल्याने एकूण त्वरण २.५ भरते, ३.५ नव्हे.