देहूच्या महाजनाची वाटणी

इसवी सन १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो दुष्काळ कोसळला, त्याची नोंद शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरीने पादशाहनाम्यात केली आहे, आणि सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेत पाहिलेली प्रेतेही आपल्या प्रवासवृत्तात टिपून ठेवली आहेत. परंतु इंद्रायणीकाठच्या देहू गावी एका महाजनाच्या घराची या दुष्काळाने जी दशा केली, ती कोणत्याही दरबारी लेखकाच्या दृष्टीस पडण्याजोगी नव्हती. त्या घरी पेठेची महाजनकी होती, वाण्याचा धंदा व सावकारी होती, आणि पूर्वज विश्वंभरबोवांपासून चालत आलेली विठ्ठलाची सेवा होती. वडील बोल्होबा निवर्तले होते, थोरला सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर तीर्थाटनास निघून गेला होता. तेव्हा प्रपंचाचा सारा भार मधल्या तुकोबांवर येऊन पडला. धंद्याचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली, आणि लहानगा संतूही गेला.

यानंतर तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले आणि पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोहोचला, असे परंपरा सांगते. भामनाथ, भंडारा, घोरवडेश्वर हे देहूच्या परिसरातले तिन्ही डोंगर पुढे त्यांच्या एकांताची स्थाने म्हणून प्रसिद्ध झाले. घोरवडेश्वराची लेणी तर बौद्ध भिक्षूंची. म्हणजे ध्यानासाठी डोंगर चढण्याचा या मुलखाचा परिपाठ तुकोबांहून कितीतरी जुना. अर्थात या एकांताचे श्रम केवळ एकट्याचे नव्हते. भाकरी बांधून रोज भंडारा चढणाऱ्या दुसऱ्या पत्नी जिजाईच्या पायांचाही त्यात हिस्सा होता, हे कीर्तनात हशा पिकविण्याच्या भरात आपण विसरतो.

डोंगरावरून उतरल्यावर दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले आणि घरातली खतपत्रे तेथे आणविण्यात आली. खत म्हणजे कुळाने सावकाराला लिहून दिलेला कर्जाचा कागद. तो हाती असेल तोवर वसुलीचा हक्क शाबूत, आणि दुष्काळाने ज्यांचे बैल मेले व दाणा संपला अशांच्याही दारी जाण्याची मुभा. तुकोबांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबाच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची अर्धी डोहात सोडून दिली. ईश्वराच्या सान्निध्यात माणसाला जग निराळे दिसू लागते असे आपण सहज म्हणतो, पण नेमके काय निराळे दिसले हे क्वचितच कोणी सांगतो. येथे ते सांगता येते: ज्या कागदात काल येणे दिसत होते, त्यातच आज एक उपाशी ऋणको दिसला.

मला मात्र त्या बुडविण्यापेक्षा आधीची वाटणी अधिक थोर वाटते. वैराग्याच्या आवेशात भावाचाही हिस्सा नदीला देणे सोपे होते, आणि भक्तमंडळींनी त्याचेही कौतुकच केले असते. परंतु आपल्याला झालेल्या साक्षात्काराचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकावयाचा नाही, एवढा महाजनी चोखपणा त्या पंधरा दिवसांनंतरही शाबूत राहिला. ही हकीकत सांगणारे भक्तलीलामृत ताहराबादच्या महिपतीने रचले ते १७७४ साली, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी, आणि चमत्कारांच्या बाबतीत त्याचा हात सढळ. तरीही वाटणीचा हा हिशेबी तपशील केवळ भाविकाच्या कल्पनेला सुचण्यासारखा नाही.

कान्होबाने आपल्या वाट्याची खते ठेवून घेतली, यात त्याचा काही दोष नव्हता. घर चालवायचे होते. पुढे तोही अभंग रचू लागला. १६५० साली तुकोबा गेले तेव्हा त्याने केलेले विलापाचे अभंग गाथेच्या प्रतींत समाविष्ट आहेत, आणि त्यांत माझा भाऊ परत दे म्हणून त्याने विठ्ठलापाशी लावलेला तगादा कसलेल्या सावकारालाही लाजवील असा आहे.