कालप्रवासपट आणि प्रेक्षकांचे मत

माणूस, वस्तू किंवा नुसता निरोप एका काळातून दुसऱ्या काळात पोचतो आणि त्या पोचण्यावरच कथानक उभे राहते, अशा चित्रपटाला कालप्रवासपट म्हणतात. त्यात खून, शोध किंवा पाठलाग आला की तो थरारपटही होतो. या प्रकाराबद्दल प्रेक्षकांची मते जितकी टोकाची पडतात तितकी कौटुंबिक किंवा विनोदी चित्रपटाबद्दल क्वचितच पडतात. एकाच खेळातून बाहेर पडलेले दोघे शेजारी, एक म्हणतो पुन्हा पाहायला हवा, दुसरा म्हणतो डोक्याला नुसता ताप. या मतभेदाचे खापर बहुधा प्रेक्षकाच्या समजेवर फोडले जाते आणि जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांचा विषय निघाला की ते आणखी सहज फोडले जाते. या नोंदीत मांडलेले मत वेगळे आहे. कालप्रवासपटाबद्दल मत देताना प्रेक्षक विज्ञानाची परीक्षा घेत नसतो. चित्रपटाने काळाबद्दल जो नियम स्वतः घालून दिला तो स्वतः पाळला की नाही, एवढेच तो पाहतो. ‘समजला नाही’ या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा ‘चित्रपटाने शब्द पाळला नाही’ असा असतो, आणि ती तक्रार न्याय्य असते.

महाराष्ट्रात घडणारे या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे ‘दोबारा’ हा हिंदी चित्रपट (१९ ऑगस्ट २०२२). दिग्दर्शन अनुराग कश्यप यांचे, पटकथा निहित भावे यांची, मुख्य भूमिका तापसी पन्नू यांची. मूळ कथा ओरिओल पाउलो यांच्या ‘मिराज’ (२०१८) या स्पॅनिश चित्रपटाची, पण घटनास्थळ पुणे. १९९६ सालच्या एका वादळी रात्री शेजारच्या घरातला खून एका मुलाच्या नजरेस पडतो आणि पळताना तो अग्निशमन दलाच्या गाडीखाली सापडतो. पंचवीस वर्षांनी तसेच वादळ येते. त्याच घरात राहायला आलेल्या अंतराचा जुन्या दूरचित्रवाणी संचातून त्या मुलाशी संपर्क होतो. ती त्याला वाचवते आणि त्याची किंमत म्हणून तिची स्वतःची मुलगी जगातून नाहीशी होते. येथे नियम स्वच्छ आहे: वादळ आहे तोवर दार उघडे, आणि तिकडे जे बदलेल त्याचे परिणाम इकडे भोगावे लागतील. चित्रपटाची जी बाजू प्रेक्षकांना भिडली ती याच नियमातून आलेली आहे. घड्याळ पुढे सरकते तसा जीव टांगणीला लागतो, कारण किती वेळ उरला हे आपल्यालाही माहीत असते. उलट, जग सगळे बदलले तरी जुने आयुष्य एकट्या अंतरालाच कसे आठवते, हा प्रश्न सुटत नाही. बदललेल्या जगात ती डॉक्टर आहे, तिथे तिने वर्षे काढलेली आहेत, मग त्या वर्षांची आठवण तिच्याकडे का नाही? नियम मोडला तो इथे. गोंधळ झाल्याची तक्रार करणाऱ्यांना शब्द सापडले नसतील, बोट मात्र त्यांनी योग्य जागी ठेवले होते. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही आणि त्यावर ‘आपल्याकडे असे विषय चालत नाहीत’ हा ठरलेला निष्कर्ष निघाला. तो मान्य करण्यासारखा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की प्रेक्षकाला नियमांशी देणेघेणे नसते, त्याला भावना हवी असते. क्रिस्टोफर नोलन यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर हा आक्षेप तपासता येतो. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा लागला तेव्हाही लोकांनी चित्रपटगृहे भरली. ‘टेनेट’ (भारतात ४ डिसेंबर २०२०) मात्र, त्यात मुंबईतले चित्रीकरण आणि डिंपल कपाडिया असूनही, बहुतेकांना कोड्यासारखा वाटला. पहिल्यात एक मुलगी व तिचा बाप आहेत, दुसऱ्यात तसे काही नाही, म्हणून हा फरक भावनेचाच, असे कोणी म्हणेल. पण ‘इंटरस्टेलर’मधले सर्वांना रडवणारे दृश्य कोणते? एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, हे आधीच सांगितलेले असते. काही तासांनी परतलेल्या बापाला तेवीस वर्षांचे साचलेले निरोप पाहावे लागतात आणि पडद्यावर त्याची लेकरे मोठी होत जातात. ते अश्रू त्या आकड्यातून आलेले आहेत. नियम काढून टाका, ते दृश्य उरतच नाही. ‘टेनेट’मध्ये मात्र उलट्या काळाची शास्त्रज्ञ नायकाला सुरुवातीलाच सांगते की हे समजून घेण्याच्या भरीस पडू नकोस. ज्या चित्रपटाने आपल्याच नियमाची जबाबदारी अशी झटकली, त्याला प्रेक्षकाने ‘समजला नाही’ म्हटले तर दोष प्रेक्षकाचा नाही. भावना भरपूर आणि नियम नाही, असेही उदाहरण आहे. ‘बार बार देखो’ (२०१६) मधला गणिताचा प्राध्यापक लग्नाच्या आदल्या रात्री झोपतो आणि आयुष्यात पुढेपुढे फेकला जातो. उडी केव्हा बसेल आणि कशाने थांबेल हे त्याला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. संसार, मुले, वियोग सगळे असूनही चित्रपट मनात रुजत नाही.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. काळात मागे जाता येत नाही, मग अशा कथेचे मोल ते काय? वस्तुस्थिती अशी की पुढे जाण्याला विज्ञानाचा आधार आहे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक अब्जांश सेकंदांचा होता, पण आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी जुळणारा होता. मागे जाण्याला असा कोणताही प्रायोगिक पुरावा नाही. तरी प्रेक्षक त्यावरून चित्रपटाला नापास करत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) मध्ये भूतकाळात ढवळाढवळ होताच नायकाच्या खिशातल्या छायाचित्रातून त्याची भावंडे एकेक करून पुसट होत जातात. तर्काने पाहिले तर ती एकदम नाहीशी व्हायला हवीत किंवा मुळीच होऊ नयेत. पण छायाचित्र पुसट होणे हा डोळ्यांना दिसणारा नियम आहे आणि चित्रपट तो अखेरपर्यंत सोडत नाही, म्हणून कोणी हरकत घेत नाही. सूर्याची तिहेरी भूमिका असलेला ‘२४’ (२०१६) हा तमिळ चित्रपटही मनगटावरच्या एका घड्याळावर सारा डोलारा उभा करतो. घड्याळ कोणाच्या हाती आणि ते किती मागे नेते, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आता जळगाव-धुळ्याचा, म्हणजे खानदेशाचा मुद्दा. येथील प्रेक्षकाला काळाच्या गुंतागुंतीची सवय नाही, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते योगी चौदाशे वर्षे जगले अशी आख्यायिका आहे आणि त्या आख्यायिकेला नियमही आहे: मृत्यूची घटका आली की समाधी लावायची आणि ती टळली की पुन्हा देहावर यायचे. अशा चौदाशे वर्षांच्या माणसाला कोवळ्या वयाच्या मुक्ताबाई गुरू म्हणून लाभतात. वय म्हणजे काळ नव्हे, हे यापेक्षा थेट कोणता चित्रपट सांगेल? सातपुड्यात, आज नंदुरबार जिल्ह्यात आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या भागात, दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा भरते. तो डोंगर अश्वत्थाम्याचा मानला जातो. महाभारताच्या सौप्तिक पर्वात त्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप आहे. लोकसमजुतीत तो आजही कपाळाची जखम घेऊन तेल मागत हिंडतो. भागवतातल्या ककुद्मी राजाची कथाही कीर्तनातून ऐकलेली असते. लेकीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. ग्रहावरचा तास आणि पृथ्वीवरची सात वर्षे, याचाच हा जुना अवतार. ज्याने ही कथा ऐकली त्याला ‘इंटरस्टेलर’चा नियम समजावून सांगावा लागत नाही.

या पुराव्याला एक मर्यादा मात्र आहे आणि ती लपवू नये. चांगदेव, अश्वत्थामा, ककुद्मी या तिन्ही कथांत काळ ताणला जातो, लांबतो, निसटतो. तो उलटत नाही. घडलेली गोष्ट न घडलेली करण्याची सोय त्यांत कोणालाच नाही. शाप भोगून संपवायचा असतो, खोडायचा नसतो. म्हणून पुढे नेणारा कालप्रवासपट या मातीत परिचयाचा वाटतो, तर मागे जाऊन भूतकाळ दुरुस्त करणाऱ्या चित्रपटाला येथे नवी जागा करून घ्यावी लागते. त्याला आपला नियम अधिक सावकाश, अधिक ठळक आणि शक्यतो डोळ्यांना दिसेल असा मांडावा लागतो. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर हिंदी, तीही बरेचदा तमिळ-तेलुगू किंवा इंग्रजीवरून भाषांतर केलेली, अशा पायऱ्या चढून आलेल्या प्रेक्षकापुढे नियम जर घाईच्या संवादात उरकला, तर बाहेर पडताना ‘काही कयनं नही’ हेच ऐकू येणार. पहिली दहा मिनिटे हुकली की नियमच हुकतो, ही अडचणही आहेच. एकपडदा टॉकीजमध्ये उशिरा येऊन बसणे हा पिढ्यांचा रिवाज होता. मारधाडीच्या पिक्चरला त्याने बिघडत नसे, याला बिघडते. या अडचणी मांडणीच्या आहेत. त्या बुद्धीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

भूतकाळ बदलण्याची कल्पना मराठी वाचकाच्या गळी कशी उतरवावी, याचा उत्तम पाठ जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. नारळीकरांनी हजार गोष्टी बदलल्या नाहीत, एकच बदलली: विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून जाते. बाकी सारे त्यातून ओघाने येते. शिवाय परतताना गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचा एक फाटका कागद उरतो, म्हणजे पुरावा. खानदेशाला हे पुराव्याचे भान परके नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो पानिपतापर्यंतच्या पत्रांचाच. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. तिकडे चाळीसगावजवळ पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे) याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाची नोंद आहे. ग्रहगतीवरून काळ मोजण्याचे शास्त्र तिथे शिकवले जावे, ही त्यामागची इच्छा. पुण्याच्या लेखणीने वा हॉलीवूडच्या कॅमेऱ्यानेच काळाची कोडी घालावीत, असे या प्रदेशाच्या इतिहासात काही नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) मधला खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या मोरगावापर्यंत काळाच्या थरांतून सतत खालीवर होतो आणि वाचक कुठे अडखळत नाही, कारण तिथे वाहन स्मृतीचे आहे आणि ते लेखकाने मध्येच बदललेले नाही.

मराठी पडद्यावर हा प्रकार अजून विरळ आहे. सौरभ वर्मा यांचा ‘विक्की वेलिंगकर’ (२०१९) हा सोनाली कुलकर्णी यांची प्रमुख भूमिका असलेला रहस्यपट काळाच्या खेळाकडे वळला, हे त्याचे धाडस मान्य करायला हवे. अशा प्रयत्नांना पुढे बळ मिळायचे असेल तर प्रेक्षकमत नोंदवण्याची पद्धत सुधारली पाहिजे. पाचपैकी किती तारे, या एका आकड्यात अभिनय, गाणी, कंटाळा आणि नियमभंग सगळे एकत्र कालवले जाते. त्यातून निर्मात्याला ‘विषय चालत नाही’ यापलीकडे काहीच शिकता येत नाही. वृत्तपत्रांच्या परीक्षकांनी, चित्रपट मंडळांनी आणि जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील माध्यम विभागांनी प्रेक्षकाला थेट विचारावे: काळाचा नियम कोणत्या दृश्यात कळला, तो कुठे मोडल्यासारखा वाटला, आणि मोडला तेव्हा तुम्ही कथेबरोबर राहिलात की बाहेर पडलात? ही उत्तरे प्रेक्षकाच्याच शब्दांत, अहिराणीत आली तर अहिराणीत, उतरवून घ्यावीत आणि पुढच्या पटकथाकाराच्या हाती द्यावीत.